टपाल राहतं कुठे?

लेखांक ७

२२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. भोसरीतल्या एका लहान कारखान्याच्या हिशेबनीस मॅडम टाळेबंदीपासून तिथे, माहेरच्या घरून काम करत होत्या. घरातली माणसं माळ्यावर चढली म्हणून वाचली. खालच्या टेबलावरचा लॅपटॉप चिखलात गेला. आठवड्याभरानं त्यांचा मला फोन आला. "सर, नवा लॅपटॉप आलाय. जुने मेल कधी दिसतील?"

मी सर्व्हर उघडला. त्यांच्या खात्यात अकरा मेल होते, सगळे पुरानंतरचे. २०१७ पासूनची बिलं, दरपत्रकं, थकबाकीची पत्रं, सगळं त्या लॅपटॉपबरोबर गेलं होतं.

खातं 'पॉप'वर चालत होतं. ही पद्धत १९८४ सालची. मेल आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरून काढून टाकायचा, ही तिची मूळ रीत. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी खूण करता येते, पण जागा वाचावी म्हणून ती कधीतरी कुणीतरी काढून टाकली होती. सगळे एका छपराखाली बसत होते तोवर कुणाला काही जाणवलं नाही. माणसं पांगली तशी टपालाची एकुलती एक प्रतही त्यांच्याबरोबर गावोगाव पांगली.

त्यानंतर कारखान्याच्या मालकांनी मला विचारलं, "चांगला मेल सर्व्हर कोणता? नाव सांगा, घेऊन टाकू." या लेखमालेच्या वाचकांकडूनही हाच प्रश्न सर्वात जास्त येतो. त्याचं उत्तर एका नावात मावत नाही, कारण मेल सर्व्हर म्हणजे एक सॉफ्टवेअर नसतंच. टपाल वाहणारा वेगळा, ते जपून ठेवणारा वेगळा, कचरा चाळणारा वेगळा. वाहण्यासाठी 'पोस्टफिक्स' (वित्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलेलं, १९९८) किंवा केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये लिहिलेलं 'एक्झिम'. जपण्यासाठी फिनलंडच्या तिमो सिराइनेन यांचं 'डवकॉट', २००२ पासूनचं. चाळण्यासाठी 'आरस्पॅमडी' किंवा 'स्पॅमअसॅसिन'. ही सगळी फुकट मिळतात आणि उत्तम आहेत.

आता मालकांची दुसरी शंका, "आणि सर्व्हर बंद पडला तर?" मेलच्या वाहतुकीत एक फार शहाणपणाची सोय आधीपासून केलेली आहे. समोरचा सर्व्हर उचलत नसेल तर पाठवणारा मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. किमान चार-पाच दिवस तरी हार मानू नये, असं नियमपुस्तकच सांगतं. पोस्टफिक्स स्वतःहून पाच दिवस थांबतं. म्हणजे शनिवारी रात्री सर्व्हर पडला आणि सोमवारी सकाळी उठला, तरी एरवी येणारा मेल उशिरा येईल, हरवणार नाही. साठवणीला अशी माफी नाही. पेटीतला मेल गेला की गेला. म्हणून बाहेरगावी माणसं असलेल्या कचेरीनं पैसा आणि जीव साठवणीत घालावा, असं माझं ठाम मत आहे. पोस्टफिक्स की एक्झिम, यावर तासन् तास वाद घालणारे मी पाहिलेत. तो वेळ बॅकअपला द्यावा.

पहिली अट अर्थातच 'आयमॅप'. मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ साली हे सुरू केलं. मेल सर्व्हरवरच राहतो. लॅपटॉप, फोन, सायबर कॅफेतला संगणक या त्याच्याकडे बघायच्या खिडक्या. खिडकी फुटली तरी घर शाबूत.

दुसरी अट दाराची. घरून काम करणाऱ्याला कचेरीबाहेरून आत यावं लागतं. 'कचेरीच्या नेटवर्कमधून आला म्हणजे आपलाच' हा जुना नियम त्यामुळे चालत नाही. मेल पाठवताना प्रत्येकानं पासवर्ड द्यायचा, ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या पोर्टवरून, सांकेतिक रूपात. (सर्व्हर-सर्व्हरमधलं जुनं २५ क्रमांकाचं पोर्ट घरगुती ब्रॉडबँडवर बरेचदा बंदच असतं, "घरून मेल जात नाही" या तक्रारीचं मूळ अनेकदा इथे सापडतं.) आणि प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड. फोन एसटीत राहिला तर तेवढाच रद्द करता आला पाहिजे, त्याच माणसाच्या लॅपटॉपला धक्का न लावता. 'मेलकाऊ' नावाचं एक तयार गाठोडं आहे, पोस्टफिक्स, डवकॉट, आरस्पॅमडी आणि दिनदर्शिकेसह वेबमेल एकत्र बांधलेलं. त्यात ही सोय आहे. निवड करताना मी ही गोष्ट सर्वात आधी तपासतो.

हे दार किती नाजूक असतं ते मार्च २०२१ मध्ये जगानं पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज' सर्व्हरमधली चार भगदाडं उघडकीला आली. २ मार्चला दुरुस्ती आली, पण तोवर हल्लेखोर आत शिरू लागले होते आणि पुढच्या काही दिवसांत जगभरचे हजारो सर्व्हर त्यांच्या हाती गेले. ते शिरले कुठून? वेबवरून मेल बघण्यासाठी इंटरनेटला उघडं ठेवलेल्या दारातून. बाहेरच्या कर्मचाऱ्यांसाठी जे दार लागतं, तेच. दुरुस्ती आली त्या दिवशी ती बसवणारा माणूस आपल्याकडे आहे का, हा प्रश्न म्हणूनच सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा मोठा आहे. एक्स्चेंजच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कुणाकडे त्या अजून चालू असतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते काम हाती घ्या.

असा माणूस नसेल तर? मग गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहो मेल यांपैकी एकाचं भाडं भरावं. पंधरा-वीस जणांच्या कचेरीला मी हेच सुचवतो आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. फक्त डोमेनचं नाव स्वतःच्या नावावर ठेवा, एजंटच्या नाही. नाव हातात असलं की घर बदलता येतं. शिवाय स्वतःच्या सर्व्हरवरून निघालेला मेल समोरच्यानं स्वीकारणं हे वेगळंच काम असतं. पाठवणारा खरा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी हव्यात, आणि आयपी पत्त्यावरून उलट शोधलं तर आपलंच नाव निघायला हवं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याबाबत नियम कडक केले आहेत. साध्या ब्रॉडबँडच्या बदलत्या पत्त्यावरून मेल पाठवाल तर तो स्पॅममध्ये जाण्याचीच शक्यता जास्त.

भोसरीच्या कारखान्यात मात्र लिनक्स जाणणारा, शिकायची हौस असलेला एक मुलगा होता. म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स आणि डवकॉट बसवलं. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानंतर १८० दिवसांच्या नोंदी ठेवणं आणि हल्ला झाला तर सहा तासांत कळवणं, हेही त्यानं अंगावर घेतलं. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या शहरात जायचा. महिन्याभरानं मी त्याला म्हटलं, "आता मॅडमचं खातं रिकाम्या मशीनवर परत उभं करून दाखव."

इनबॉक्स पूर्ण आला. बाकी एकही फोल्डर नाही, पाठवलेल्या मेलचासुद्धा नाही. मुलगा घाबरला. आम्ही डिस्कवर बघितलं. डवकॉटच्या तिथल्या साठवणीच्या रचनेत इनबॉक्सखेरीज प्रत्येक फोल्डरचं नाव टिंबानं सुरू होतं आणि लिनक्समध्ये टिंबानं सुरू होणारी गोष्ट लपलेली मानतात. त्याच्या कॉपीच्या आज्ञेतली 'सगळं' सुचवणारी चांदणी (*) या लपलेल्यांना रोज रात्री वगळून जात होती, आणि अहवालात मात्र 'यशस्वी' लिहिलं जात होतं.

त्यानं तिथेच बसून आज्ञा बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तालीम केली. देवनागरी नावांचे फोल्डर डिस्कवर रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या अगम्य माळांसारखे दिसतात, त्यामुळे नुसतं पाहून ओळखता येईना. मग मॅडमनाच फोन लावला आणि चिपळूणहून त्या मशीनवर आत यायला सांगितलं. थोडा वेळ पलीकडून नुसता माऊसचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "थकबाकी दिसतंय. आत एकशे सहा आहेत. बरोबर."