पाठलाग केला, पुढे काय?

निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीच्या अहवालापाठोपाठ, २०१३ साली भारतीय दंडविधानात कलम ३५४-ड आले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ आहे. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणे किंवा संपर्क साधू पाहणे हा गुन्हा. तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे हाही. त्यामुळे ‘पुन्हा मेसेज करू नकोस’ असा एक लेखी मेसेज तपासात फार उपयोगी पडतो. चिडून चॅट डिलीट मात्र करू नये.

खरी गोम जामिनात आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पण तो जामीनपात्र. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि तो अजामीनपात्र. सकाळी पकडलेला इसम संध्याकाळी तिच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहू शकतो तो पहिला गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे. मधल्या काळात पोलिसांच्या हाती मुख्यतः ‘चॅप्टर केस’ उरते, म्हणजे शांतता राखण्याचे बंधपत्र.

इंग्लंड-वेल्समध्ये जानेवारी २०२० पासून पोलीस दोषसिद्धीआधीच न्यायालयाकडून संरक्षण आदेश मागू शकतात: संपर्कबंदी, प्रसंगी मानसोपचार तपासणीही. आदेश मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे असे काही हवेच.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. ऑनलाइन दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. तातडीसाठी ११२.