नाकात मांस वाढलंय? मग अंगदुखीची गोळी जपून



मासळी ताजी की उतरलेली, हे आपल्याला नाकच सांगतं. त्या नाकाला वास येईनासा झाला, तीन-तीन महिने सर्दी हटेना, तर तळ्यावरचा गारवा बाधला म्हणून गप्प बसू नका. नाकातलं अस्तर सुजून द्राक्षासारखे मऊ कोंब लोंबतात, त्याला डॉक्टर पॉलीप म्हणतात. बहुतेकदा हा कॅन्सर नसतो. पण एकाच नाकपुडीत असेल, रक्त येत असेल, तर लगेच दाखवा.

आता खरी धोक्याची गोष्ट. पॉलीप आणि दमा दोन्ही असलेल्या काही जणांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक चालत नाही. जाळं ओढून खांदे भरले की आपण मेडिकलमधून हीच गोळी आणतो ना? अशांचा तासा-दोन तासांत श्वास कोंडतो. होडी मध्यावर असेल तर काय करणार? म्हणून गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.

नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर नकोत, पुढे त्यांनीच नाक चोंदतं. खरा उपचार स्टेरॉइडचा स्प्रे. नावाला भिऊ नका, पण रोज मारा. गुण यायला काही आठवडे लागतात. त्यानं भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, चेहऱ्यावर चिरा नाही. कोंब पुन्हा येऊ शकतात, म्हणून नंतरही स्प्रे चालू ठेवावा लागतो.

अळणावरहून धारवाडमार्गे हुबळीला गेलात की पूर्वी किम्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभाग आहे. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.