करंगळी आणि भूकंप

1697 साली एडिनबरोमध्ये टॉमस एकनहेड या 20 वर्षांच्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेसाठी फाशी दिली गेली. त्याच स्कॉटलंडमध्ये, अवघ्या 33 वर्षांनी, फ्रान्सिस हचेसन ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवू लागला. देवाचं ज्ञान नसलं तरी माणसाला बरंवाईट कळू शकतं, असं तो सांगे. तेही लॅटिन बाजूला ठेवून, इंग्रजीत! 1738 मध्ये धर्मपीठाने त्याच्यावर ठपका ठेवला, पण त्याचं अध्यासन टिकलं.

त्या काळी हुशार लोकांचं मत होतं की सगळा चांगुलपणा शेवटी स्वार्थच असतो. हचेसनने विचारलं, मग हजारो वर्षांपूर्वीच्या, दूरदेशच्या कुणाचं औदार्य ऐकून आपला ऊर का भरून येतो? त्यात आपला काय फायदा? त्याच्या मते रंग दिसायला डोळे असतात, तशी चांगुलपणा जाणवायची एक शक्ती माणसात उपजतच असते. कळवळा आधी, हिशेब मागाहून. डेव्हिड ह्यूमने हे आणखी ताणलं: नुसती बुद्धी माणसाला कृतीपर्यंत नेत नाही, भावना नेते. त्याला मात्र एडिनबरो आणि ग्लासगो या दोन्ही विद्यापीठांनी प्राध्यापकपद नाकारलं.

हचेसनचा विद्यार्थी ॲडम स्मिथ 1752 मध्ये गुरूच्याच अध्यासनावर आला. 1759 साली त्याचं 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' प्रसिद्ध झालं. त्यातला एक विचार मला आजही थक्क करतो. समजा, भूकंपाने सगळा चीन गिळला. युरोपातला एखादा सहृदय माणूस हळहळेल, चार गंभीर वाक्यं बोलेल आणि रात्री गाढ झोपेल. उद्या स्वतःची करंगळी कापली जाणार असेल, तर मात्र त्याचा डोळा लागणार नाही. इतका आपमतलबी प्राणी! पण करंगळी वाचवायला तो त्या कोट्यवधींचा बळी देईल का? त्या कल्पनेनेच त्याचा थरकाप होईल.

का? इथे स्मिथ गुरूच्याही पुढे जातो. दया एवढी बलवान नसतेच, तो म्हणतो. आपल्या आत एक निःपक्षपाती साक्षी बसलेला असतो. तू अनेकांतला एक आहेस, त्यांच्याहून मोठा नाहीस, हे तो बजावतो.



अर्थशास्त्राचा जनक म्हणून जग स्मिथला ओळखतं. पण 1790 साली मरण्यापूर्वी त्याने जे पुस्तक पुन्हा तपासून, वाढवून छापायला दिलं, ते नीतीचं होतं.