रोबोट घडवताना (भाग ५) : आधी खेळ, मग चाक

मागच्या आठवड्यात मोटर निवडली, आता चाकं. कॉलेजच्या टीममध्ये घाई होते ती इथेच. कुणीतरी आडव्या सरकणाऱ्या रोबोटचा व्हिडिओ दाखवतं आणि स्पर्धेची नियमावली वाचून व्हायच्या आत चाकांची ऑर्डर जाते. माझं आग्रहाचं सांगणं आहे : आधी खेळ वाचा.

२००८ साली एबीयू रोबोकॉन ही रोबोटची स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हाचा खेळ दहीहंडीवर बेतला होता. उंचावर पोचायचं तर रोबोट उंच हवा, उंच झाला की गुरुत्वमध्य वर जातो आणि अचानक ब्रेक लागला की रोबोट कलंडतो. अशा खेळात चाकं एकमेकांपासून किती लांब, हे आधी ठरवायचं. ती कोणत्या प्रकारची, हे नंतर.

साध्या रबरी चाकांची पकड उत्तम. डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळायचं. मात्र वळताना चाकं आडवी घासतात, चासी लांबट असेल तर फारच. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं लावून मधली जोडी सुमारे ३ मिलिमीटर खाली बसवायची. मग एका वेळी चारच चाकं टेकतात, तीही जवळजवळची, आणि रोबोट सहज वळतो.

मेकॅनम चाक स्वीडनच्या बेंग्ट इलॉन यांचं, १९७०च्या दशकातलं. त्याच्या घेरावर ४५ अंशांत तिरके रोलर असतात. एका कर्णावरची दोन चाकं पुढे आणि दुसऱ्या कर्णावरची मागे फिरवली, की पुढचे-मागचे जोर एकमेकांना मारतात, आडवे तेवढे उरतात आणि रोबोट तोंड न वळवता बाजूला सरकतो. वरून पाहताना चारही चाकांचे रोलर मिळून फुली दिसली पाहिजे. उलटे बसले तर वळणं बिघडतं.

या चपळाईसाठी पकड थोडी सोडावी लागते, आणि चारही चाकं जमिनीला टेकलेलीच लागतात. चाचणी सोपी आहे. सपाट फरशीवर प्रत्येक चाकाखाली वहीचा कागद ठेवा आणि एकेक हलकेच ओढा. तीन कागद अडले आणि चौथा सुळकन निघाला, तर ते चाक अधांतरी आहे. रोबोट तिरका जातो म्हणून आम्ही एकदा दोन रात्री कोड तपासला. दोष निघाला चासीच्या पीळ पडलेल्या पाइपात.

हीच अडचण तीन ऑम्नी चाकांना (घेरावर आडव्या दिशेने फिरणारे रोलर असलेली चाकं) येत नाही. १२० अंशांवर बसवलेली ही तीन चाकं तिवईच्या पायांसारखी नेहमी टेकतात. मात्र पाया त्रिकोणी असल्याने उंच रोबोट कोपऱ्यांच्या मधल्या बाजूला लवकर कलतो.

म्हणून नियमावलीच्या समासात तीन गोष्टी लिहा : धक्काबुक्की आहे का, आडवं सरकणं किती वेळा लागेल, जमीन कशी आहे. चाक आपोआप ठरत जाईल.

पुढच्या भागासाठी एक हिशेब. १०० मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर वेग सेकंदाला सुमारे १.५७ मीटर. तेच चाक १५० मिलिमीटरचं केलं तर वेग दीडपट होईल, पण ढकलण्याचा जोर दोन-तृतीयांशच उरेल. हा तोल गिअरने कसा साधायचा, ते पुढच्या आठवड्यात.