शस्त्रवैद्यांच्या संमेलनाकडून आमची अपेक्षा

घरांतील वडील मनुष्याची अंतर्गळाची शस्त्रक्रिया ठरावी आणि दवाखान्यांतून निरोप यावा कीं, डॉक्टरसाहेब परिषदेस गेले आहेत, म्हणजे मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. आजाऱ्यांस टाकून परगांवीं मेजवान्या झोडावयास जाणें या विद्वानांस शोभतें काय, असाहि प्रश्न निघतो. प्रश्न रागाचा असला तरी विचार करण्याजोगा आहे.

असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया ही आपल्या देशांतील शस्त्रवैद्यांची संस्था १९३८ सालीं स्थापन झाली. तिचें वार्षिक संमेलन बहुधा डिसेंबरांत भरतें. निबंध वाचले जातात, नव्या उपकरणांचें प्रदर्शन मांडलें जातें, तरुण डॉक्टर अनुभवी मंडळींस शंका विचारतात. पुढील संमेलन भरण्यापूर्वीं, यांतून आपल्या कुटुंबांच्या पदरांत काय पडतें, हें पाहणें इष्ट होय.

आरंभ पुण्यापासूनच करूं. टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत इंग्रजी फौजेंतील कावसजी नांवाचा गाडीवान शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापलें गेलें. पुण्याजवळील, विटा पाडणाऱ्या जातींतील एका वैद्यानें कपाळाच्या कातडीपासून त्यास नवें नाक करून दिलें. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापून आली. पुढें कार्पू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तीच शस्त्रक्रिया केली व १८१६ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. कार्पूचें नांव राहिलें. आमच्या वैद्याची त्या हकीकतींत केवळ जात आहे, नांव नाहीं. विद्या कितीहि थोर असो, ती समव्यवसायी जनांपुढें मांडली जात नाहीं तोंवर एका घराचीच ठेव राहते.

याच्या उलट उदाहरण डब्लिनचें. तेथें ९ ऑगस्ट १८६७ रोजीं ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या वार्षिक सभेंत जोसेफ लिस्टर यांनीं निबंध वाचला. त्या काळीं शस्त्रक्रिया उत्तम होऊनहि जखम सडून रोगी दगावणें नित्याचेंच होतें. कार्बोलिक आम्लाचा उपयोग सुरू केल्यावर गेल्या नऊ महिन्यांत ग्लासगोच्या आपल्या विभागांत जखम सडण्याचा वा रक्त दूषित होण्याचा एकहि प्रसंग आला नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. पुष्कळांस तें पटलें नाहीं. वाद वर्षानुवर्षें चालला. परंतु अनुभव उघड सभेंत ठेवल्यामुळेंच इतरांस तो पडताळून पाहतां आला.

मात्र सभा भरली म्हणजे सत्य बाहेर येतेंच, असें नाहीं. अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयानें, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनें, शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची तपासणी केली; ठरविलेल्या कसोटीस अवघीं ८९ उतरलीं. १९१९ सालीं न्यूयॉर्कच्या सभेंत आंकडे सांगण्यांत आले, पण रुग्णालयांच्या नांवांची यादी वृत्तपत्रांच्या हातीं पडूं नये म्हणून हॉटेलाच्या भट्टींत जाळण्यांत आली! उरलेल्या ६०३ रुग्णालयांत आपलीं माणसें नेणाऱ्या कुटुंबांस त्याचा पत्ताहि लागला नाहीं.

प्रामाणिक मोजदादीचें फळ किती मोठें, हें अलीकडेंच दिसलें. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं व रोग्यास बाहेर नेण्यापूर्वीं मोठ्यानें वाचावयाची १९ कलमांची यादी जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं पुढें आणली. रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणती, शरीराच्या कोणत्या भागावर, असे साधेच प्रश्न तींत आहेत. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १·५ वरून ०·८ वर, आणि गंभीर उपद्रवांचें शेंकडा ११ वरून ७ वर आलें.

म्हणून संमेलनाकडून आमची अपेक्षा एकच: नव्या यंत्रांच्या कौतुकाइतकाच वेळ अपयशांच्या हिशेबासहि मिळावा. पण ही अपेक्षा करतांना आपणहि आपल्याकडे पाहावें. रोगी दगावतांच दवाखान्याच्या कांचा फोडणाऱ्या समाजास प्रामाणिक कबुली कोण देईल? असे हल्ले रोखण्यास महाराष्ट्रास २०१० सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला, ही भूषणाची गोष्ट नव्हे.

यापुढें घरांत शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर कर्त्या माणसानें डॉक्टरांस आदरपूर्वक विचारावें: ही शस्त्रक्रिया आपण किती वेळां केली? त्या रोग्यांचें पुढें काय झालें? शस्त्रक्रियेपूर्वीं ती यादी वाचली जाते काय? आणि उत्तर आपल्या मनाजोगें नसलें, तरी तें शांतपणें ऐकून घ्यावें. सत्य सांगणाऱ्या वैद्यास घराघरांतून असा मान मिळूं लागला, तर संमेलनांत उभें राहून अपयश सांगण्याचें धैर्यहि त्यास येईल.