मिरजेतला जवारीवाला

मी मिरजेत तंबोरे बनवतो. सतारी, दिलरुबे दुरुस्तीला येतात, त्यांनाही हात लावतो. पण माझं खरं काम तंबोऱ्याचं, आणि त्यातही जवारीचं. लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘काय करता?’ आणि मी सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘त्यात करण्यासारखं काय असतं? चार तारा तर असतात.’ चारच असतात हे खरं आहे. तंबोऱ्याला पडदे नाहीत, त्यावर राग वाजवायचा नाही. गायकाच्या मागे बसून कुणीतरी त्या चार तारा एकामागून एक छेडत राहतं आणि श्रोत्यांचं तिकडे लक्षही नसतं. पण गायकाला विचारा. तंबोरा नीट लागलेला नसेल तर मोठमोठे गवई तोंड उघडत नाहीत.

आमच्या गावात हे काम आलं ते तलवारीच्या धारेवरून. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घरं इथे होती. इंग्रजी अंमल आला, लढाया थांबल्या, हत्यारांचं काम आटलं. त्याच सुमाराला, 19व्या शतकाच्या मध्यात, मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या दरबारात उत्तरेकडचे गवई-वादक येत होते. त्यांची वाद्यं बिघडली तर दुरुस्त कोण करणार? फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगारांनी ते काम हातात घेतलं. धातू आणि लाकूड त्यांच्या हातातलं होतंच. कान त्यांनी गवयांच्या पायाशी बसून कमावला. दुरुस्ती करता करता ते नवी वाद्यं घडवू लागले आणि त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. माझे वडील त्या घराण्यातले नव्हेत. ते पोरवयात अशाच एका दुकानात भुसा झाडायला लागले आणि तिथल्या उस्तादांनी त्यांना हाताशी धरलं. मी त्या उस्तादांना चाचा म्हणायचो. त्यांची पटाशी आजही माझ्या पाटावर असते.

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. त्याचा भोपळा खायचा नव्हे, कडू भोपळा. भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला काळ्या जमिनीत तो पिकतो. वेलावर फळ धरलं की शेतकरी त्याच्याखाली पाचट घालतो, अधूनमधून ते हलक्या हातानं फिरवतो, म्हणजे त्याची बैठक गोल होते आणि एका अंगावर डाग पडत नाही. वेल वाळेपर्यंत फळ तसंच राहू द्यायचं. कोवळं तोडलं तर साल सुकताना आक्रसते आणि भोपळा कामातून जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही भोपळे निवडायला जातो. घेराला दोरी लावून बघायची, मान सरळ आहे का बघायची आणि मग बोटाच्या पेरानं वाजवायचं. साल सगळीकडे सारख्या जाडीची असली की आवाज सगळीकडून एकच येतो. पातळ जागेवर पेर पडलं की कानाला लगेच कळतं.

या शेतकऱ्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून मला मुद्दाम लिहायचं आहे. कडू भोपळ्याला बाजार नाही. आमच्याशिवाय तो फारसं कुणी घेत नाही, एक अवकाळी पाऊस झाला की पीक कुजतं, आणि आजूबाजूला सगळा ऊस उभा असताना हा माणूस वाद्याचं पीक घेतो. माझ्या ओळखीचे एक आजोबा आहेत. त्यांच्या घरात कुणी गात नाही, पण आपला भोपळा कुठल्या गवयाच्या मागे वाजतो आहे, ते मला दर वर्षी विचारतात. मैफलीत टाळ्या पडतात तेव्हा त्यातल्या थोड्या त्यांच्या बांधावर पोचायला हव्यात.

आणलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, वरून कापून आतला गर आणि बिया काढायच्या, तोंड ताणून धरायला आत काठ्या अडकवायच्या आणि सावलीत वाळवायचा. दांडी, गुलू आणि तबली तूण लाकडाची. हे लाकूड वजनाला हलकं, पण पुरतं मुरलेलं हवं. वर्षानुवर्षं ठेवलेलं लाकूड आमची खरी पुंजी असते. दांडी आतून पोकळ असते. गुलू भोपळ्याला दांडीशी जोडतो. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरचं झाकण. तिला किंचित उभार द्यायचा आणि तासून तासून तिची जाडी अशी ठेवायची की तारांचा ताण तर पेलेल, पण आवाज अडणार नाही. पानांची नक्षी, कडेची पांढरी वेल, चपड्याचं पॉलिश हे सगळं डोळ्यांना दिसतं, गिऱ्हाईक त्याचंच कौतुक करतं आणि ते काम करणारे कारागीरही फार कसबी असतात. पण तंबोरा गातो तो घोडीवर.

घोडी म्हणजे तबलीवर बसवलेला छोटासा चपटा पाट. व्हायोलिनच्या घोडीची धार पातळ असते, तार तिला एका रेषेत टेकते. आमची घोडी रुंद, आणि तिची पाठ कासवाच्या पाठीसारखी हळूच उतरत जाते. तार छेडली की ती त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते, आणि टेकण्याची जागा सतत पुढेमागे होत राहते. त्यातून जो झंकार उठतो, तो यावा म्हणून घोडीची पाठ घासून तयार करणं म्हणजे जवारी. शिवाय घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की झंकार उघडतो किंवा मिटतो.

यातलं नवल एका मोठ्या शास्त्रज्ञालाही वाटलं होतं. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये, नोबेल मिळण्याच्या बरीच वर्षं आधी, भारतीय तंतुवाद्यांवर शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वरांचं कंपन शून्य असतं ते उपस्वर उमटू नयेत, असा तारेचा जुना नियम आहे. रामन यांना दिसलं की तंबोरा आणि वीणा तो नियम पाळत नाहीत. त्यांच्या घोडीच्या आकारामुळे सगळे उपस्वर भरभरून ऐकू येतात. म्हणूनच तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नसताना चांगल्या जवारीतून गंधार उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. गाणं न शिकलेल्या माणसालाही तो ऐकवता येतो. खर्जाची तार एकटीच छेडायची आणि गप्प बसून ऐकायचं. माझ्याकडे शाळेची मुलं आली की मी त्यांना दुसरं काही दाखवण्याआधी हे ऐकवतो. ज्याला गंधार सापडतो त्याचा चेहरा लगेच सांगतो.

जवारीला माप नाही. कानस, पॉलिश पेपर आणि कान, एवढंच साहित्य. थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत घासायचं. घासलेलं परत भरता येत नाही, म्हणून हात राखून चालवायचा. आणि मुख्य म्हणजे चांगली जवारी एकच नसते. ती ज्या गळ्यासाठी करायची, त्यावर ती ठरते. या कामात कलावंताचा म्हणून जो भाग आहे तो इथे आहे असं मी मानतो.

एक उदाहरण देतो. कऱ्हाडकडची एक मुलगी आजीचा तंबोरा घेऊन आली होती. आजी पेटीच्या काळी पाच पट्टीत गायच्या, हिचा आवाज त्याखालच्या पांढरी पाचमध्ये बसतो. सूर खाली आणला की जुन्या तारा सैल पडतात आणि नुसत्या खडखडतात.

मी तिला म्हटलं, “आधी गा.”

“काका, तंबोराच नीट वाजत नाही, गाऊ कशी?”

“म्हणूनच गा. तुझा सा एकटा कसा लागतो ते मला ऐकायचंय.”

ती लाजत लाजत गायली. आवाज टोकदार, चकचकीत, थोडा नाकाकडे झुकणारा. अशा आवाजाच्या मागे खूप उघडी जवारी ठेवली तर दोघं एकमेकांशी भांडतात. मी तारा थोड्या जाड घेतल्या, घोडीचा उतार लांबवला आणि झंकार गोल, खालच्या अंगाला भरलेला ठेवला. हेच जर दबक्या, घुमाऱ्याच्या आवाजाचे बुवा असते, तर मी जवारी उघडी केली असती, म्हणजे तंबोऱ्यानं त्यांना वर उचललं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं तंबोरा मांडीवर घेतला आणि बराच वेळ गायलीच नाही, फक्त वाजवत राहिली. मग म्हणाली, “आजीचाच आहे, पण आता माझ्याशी बोलतोय.” त्या वाक्यावर मला बरेच दिवस काढता आले.

पूर्वी घोडीवर हस्तिदंत किंवा सांबरशिंग बसवत. त्यांवर कायद्यानं बंदी आली, आणि ती योग्यच आहे. कुठल्याही जनावराचा जीव जावा एवढा सूर मोठा नाही. आता उंटाचं हाड किंवा टणक कृत्रिम पदार्थ वापरतो. हाताला नवं वळण लावावं लागलं, पण सूर लागतो.

लोक विचारतात, एवढं कसब आहे तर पुण्या-मुंबईला का गेला नाहीत? वाळत घातलेल्या भोपळ्यांना अंगण लागतं, लाकूड मुरवत ठेवायला कोठी लागते, हे एक कारण झालंच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे हे काम एकट्याचं नाही. आमच्या गल्लीत एक जण सांगाडे करतो, एक नक्षी, एक पॉलिश, एकाचा हात तारा चढवण्यात तयार असतो. माझी जवारी कुठे चुकते आहे असं वाटलं तर मी तंबोरा उचलून चार दारं पलीकडे नेऊ शकतो. आणि हे गाव ऐकणारं आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत होते, विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत आणि जवारीत तरबेज होते, म्हणून आम्ही त्यांना अर्धे आपल्यातलेच समजतो. 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात तिथे देशभरातले कलाकार गाऊन जातात. त्या रात्री मी पुढे बसत नाही, मागे बसतो, जिथून तंबोरे नीट ऐकू येतात.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तर फोनमध्येच तंबोरा आहे. मी त्याला वाईट म्हणणार नाही. भाड्याच्या एका खोलीत राहणारा विद्यार्थी पहाटे रियाज करतो तो त्याच्या आधारावर. पण त्यातला सूर ध्वनिमुद्रित केलेला किंवा यंत्रानं जुळवलेला असतो. खऱ्या तंबोऱ्यात गायकाचा सा बरोबर लागला की तारा त्याला साथ देऊन आपोआप थरथरतात आणि चुकला की गप्प राहतात. एवढा खरा शिक्षक फोनमध्ये अजून तरी नाही. शिकणाऱ्यानं सुरुवातीला फोन वापरावा, पण तंबोरा स्वतःच्या हातानं लावायला शिकल्याशिवाय राहू नये. तंबोरा लावणं हाच कानाचा पहिला रियाज आहे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद झाला. मिरजेचं नाव लावून भलतीकडचं वाद्य विकणाऱ्याला आता आवर घालता येईल. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, कानाचं नाही. जवारी शिकायला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत पोराच्या हातात फार पैसे पडत नाहीत. त्याच वयाचा त्याचा मित्र कुपवाडच्या एमआयडीसीत महिन्याच्या महिन्याला पगार घेत असतो. शिकाऊ पोरांना शिकण्याच्या काळात विद्यावेतन मिळायला हवं, आणि ते गाण्याच्या शिष्यवृत्तीच्या तोडीचं हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. गायकाला शिकवायचं आणि त्याच्या मागचा सूर घडवणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं, यातून गाणं टिकणार नाही. माझ्याकडे सध्या माझी भाची शिकते आहे. आमच्या गल्लीत मुली या कामाला फारशा बसत नाहीत. तिचा कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, हे मी तिला सांगूनही टाकलं आहे.

शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आजीचा, आत्याचा, काकांचा तंबोरा माळ्यावर किंवा भिंतीला टांगलेला असेल. तो खाली काढा. उन्हाच्या आणि ओलीच्या भिंतीपासून दूर, गवसणी घालून आडवा ठेवा. बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा, नाहीतर तबली बसते. वाजवताना झंकार कोरडा वाटला तर घोडीवर तारांचे चरे पडले आहेत असं समजा. ते घासून जवारी नव्यानं करता येते आणि नव्या तंबोऱ्याच्या मानानं त्याला खर्चही फार थोडा येतो. भोपळा तडकला असला तरी टाकू नका. तडकलेले भोपळे जुळतात.