टायरवर खाचा कशासाठी?

‘पकड वाढावी म्हणून,’ असे तुम्ही चटकन म्हणाल. पण कोरड्या रस्त्यावर गोष्ट उलटी आहे! खाच म्हणजे रस्त्याला न टेकणारी जागा. म्हणूनच शर्यतीच्या मोटारी कोरड्या दिवशी अगदी गुळगुळीत टायर लावतात. खाचा हव्यात त्या पावसात, चाकाखालचे पाणी बाहेर काढायला.

जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा १९२७ साली सुरू झालेला वळणावळणांचा मार्ग ठरावीक वेळी पैसे भरून हौशी चालकांनाही वापरता येतो. मात्र मोटार व तिचे टायर सार्वजनिक रस्त्यावर चालणारेच हवेत. त्यांच्यासाठी मधला मार्ग निघाला : मऊ रबर, मोजक्या खाचा.

टायरच्या कडेवर समजा २२५/४५ आर १७ लिहिले आहे. म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर; बाजूची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर; रिमचा व्यास १७ इंच. बुटकी बाजू वळणावर कमी लचकते (खड्ड्यात मात्र रिमला मार बसतो). मग आणखी रुंद टायर घ्यावा का? कोरड्यात ठीक. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, आणि एकदा तरंगला की स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, मोटार ऐकत नाही.

मऊ रबर झिजतेही लवकर. जर्मन कायद्याला किमान १.६ मिलिमीटर खोल खाचा लागतात. दिवसभर फेऱ्या मारून घरी निघताना आभाळ भरून आले, तर हौशी चालक आधी ती खोली मोजतो.